वाद्यांचा संवाद आणि माणसांचा

दोन वाद्ये एकमेकांशी बोलतात, असे आपण सहज म्हणून जातो. ढोलकीने विचारले आणि हलगीने उत्तर दिले, असे वर्णन तमाशाच्या जाणकारांच्या तोंडी नेहमीच असते. परंतु वाद्याला स्वतःचे मत नाही, पटवून देण्याजोगा मुद्दाही नाही. मग या वादनाला संवाद म्हणणे ही केवळ अलंकारिक भाषा आहे, की तिच्यात काही तथ्य आहे? आणि तथ्य असेल, तर माणसामाणसांतील संवाद कशाने घडतो व कशाने मोडतो, हे त्यातून शिकता येईल काय? नांदेड व लातूर या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही. येथे चर्मवाद्ये विपुल आहेत, आणि ती वाजविणाऱ्यांशी समाजाने धरलेला अबोलाही फार जुना आहे.

प्रथम वाजविणाऱ्या हाताकडे पाहू. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे वाघ्याच्या हाती दिमडी असते. लहानशा कड्यावर एका बाजूने ताणलेले कातडे, एवढेच हे वाद्य. एका हाताने ते धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. इतक्याशा कातड्यातून निरनिराळे नाद निघतात, ते आघात कोठे पडतो आणि आघातानंतर बोटे काय करतात यावरून. बोट लागताच उचलले, तर नाद मोकळा होऊन घुमतो; तेथेच टेकून राहिले, तर तो मिटतो. ढोलकीचेही तसेच आहे. उजव्या पुडीवर बोटांचे खणखणीत बोल उमटतात. डाव्या पुडीवर तळहाताचा दाब कमीजास्त केला की तोच खर्ज वर चढतो, खाली उतरतो, जणू एखादे माणूस हुंकार देत आहे. आमच्या कीर्तनकारांच्या साथीला असणाऱ्या पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात, तीही नादाला गांभीर्य यावे म्हणूनच.

सातासमुद्रापलीकडे पश्चिम आफ्रिकेतील गिनी आणि माली या देशांत जेंबे नावाचे वाद्य आहे. एकाच लाकडाच्या खोडातून पेल्याच्या आकाराचे कोरलेले आणि तोंडावर बहुधा शेळीचे कातडे ताणलेले. ते दोन्ही हातांनी वाजवितात. मध्यभागी तळहात पडला की खर्ज, काठाजवळ बोटे जुळवून मारली की मोकळा स्वर, आणि बोटे सैल सोडून मारली की चाबकासारखा तीक्ष्ण आवाज. या तिन्ही नादांना हात चटकन परतावा लागतो. देश निराळा, लाकूड निराळे, पण धडा एकच आहे. नाद उमटण्यासाठी आघात जितका आवश्यक, तितकेच हात मागे घेणेही आवश्यक. जो हात कातड्यावरून उठतच नाही, त्याच्याखाली वाद्य गुदमरते.

हाच नियम दोन वादकांमध्येही लागू पडतो. तमाशाच्या प्रारंभी ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी चालते. ढोलकीवाला एक तुकडा वाजवून थांबतो. हलगीवाला तो तुकडा आधी आपल्या वाद्यावर उचलून धरतो आणि मग त्यात स्वतःची भर घालतो. ऐकणाऱ्यांची दाद मिळते ती या दुसऱ्या टप्प्याला. परंतु पहिला टप्पा चुकला, तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. समोरच्याचे बोलणे जसेच्या तसे झेलता आले पाहिजे, तरच त्याला दिलेले उत्तर हे उत्तर ठरते. एरवी ते शेजारी शेजारी चाललेले दोन स्वगतांचे प्रयोग होत. जेंबेच्या मेळातही काही वादक आपापला ठरलेला ठेका न सोडता धरून ठेवतात, म्हणून मुख्य वादकाला त्यावर मुक्तपणे बोलता येते. आणि त्याने इशाऱ्याचा तुकडा वाजविला की सारे एकदम वळण घेतात. तेथे ठेका धरणारा गौण नसतो. त्याने ठेका सोडला, तर मुख्य वादकाचे बोलणे निराधार होते.

कोणी म्हणेल, हा तर खेळ आहे. यात सत्याची देवाणघेवाण कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. जुगलबंदीत कोणी कोणाचे मतपरिवर्तन करीत नाही. पण सत्याची देवाणघेवाण होण्यापूर्वी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: दुसऱ्याचे पुरते ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत हात आवरणे, आणि दुसरा आपल्या बरोबरीचा आहे हे मान्य करणे. वाद्ये आपल्याला या अटी शिकवितात. किंबहुना त्या इतक्या उघड्यावर अन्यत्र क्वचितच दिसतात.

आता या कसोटीवर आपल्या गावांना घासून पाहावे. मराठवाड्यात वरात असो, पोळा असो, मरीआईची जत्रा असो किंवा दवंडी असो, हलगीवाचून चालत नसे. हलगी दोन काड्यांनी वाजते. थंडीने वा ओलाव्याने सैल पडलेले तिचे कातडे जाळावर शेकून ताणून घ्यावे लागते. हे काम बहुतांशी मातंग बांधवांकडे असे. सारे गाव हलगी ऐके, तिच्या तालावर नाचे, आणि हलगीवाला मात्र पंगतीबाहेर, देवळाबाहेर, गावकुसाबाहेर उभा असे. त्याच्या वाद्याला मान होता, त्याला स्वतःला नव्हता. मार्टिन बूबर या यहुदी तत्त्वचिंतकाने १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माणसाला 'तू' म्हणून भेटणे आणि वस्तू म्हणून वापरणे यांत भेद केला. आपल्या गावाने हलगीवाल्याला वाद्याचाच एक भाग मानले होते.

याहून खोल अन्याय असा की त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती. बोलावणे आले की जावयाचे, वाजवा म्हटले की वाजवायचे. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याचे वाजविणे संवाद कसे ठरावे? ती आज्ञेची अंमलबजावणी होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने अपमानाची गावकामे टाकून द्या असे सांगितले, तेव्हा ठिकठिकाणी पुष्कळांनी मेलेली जनावरे ओढण्याबरोबर वाजविणेही सोडले. वरवर पाहता एक कला गप्प झाली. आमच्या मते मात्र गाव आणि तो वादक यांच्यातील संवादाचा प्रारंभ त्या शांततेत झाला. कारण गावाला प्रथमच असे उत्तर मिळाले, जे गावाने स्वतः सांगून वाजवून घेतलेले नव्हते.

आज काही तरुण हलगीची पथके उभारतात, बिदागी ठरवून वाजवितात, आणि आपली कला अभिमानाने मिरवितात. काही घरांत मात्र वाद्याचे नावही काढलेले खपत नाही. यांत कोणाचे बरोबर? आम्हाला दोहोंचेही बरोबर वाटते. एकाने नकाराचे स्वातंत्र्य वापरले, दुसऱ्याने त्याच स्वातंत्र्याच्या बळावर होकार दिला. दोष द्यावयाचा, तर होकार आणि नकार यांत ज्याला निवडच करू दिली नाही, त्या व्यवस्थेला द्यावा.

ख्रिस्तसभेलाही ही कसोटी चुकत नाही. १९५८ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोत 'मिसा लुबा' ही उपासना आफ्रिकी ढोलांच्या साथीने गायिली गेली. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा असे सांगितले. त्यानुसार वाद्य वेदीजवळ येऊ शकते, हे उत्तमच. पण वाद्य पुढे आणि वादक शेवटच्या बाकावर, असे कोठेही होत असेल, तर ती गावाचीच रीत मंदिरात आली असे म्हणावे लागेल. ज्याचा ढोल हवा, त्याचा शब्दही धर्मग्रामाच्या बैठकीत ऐकला गेला पाहिजे. तो शब्द आपल्या मनाविरुद्ध असला तरीही.

वाचकहो, तत्त्वचर्चा घरापर्यंत पोहोचली नाही तर तिचा उपयोग काय? येत्या लग्नसराईत आपल्या दारी वाजविणारे येतील. बिदागी आधी ठरवावी आणि ठरली तेवढी, वेळेवर द्यावी. वादकाला त्याच्या नावाने हाक मारावी, गावाच्या वा जातीच्या नावाने नव्हे. पंगतीत त्याचे पान आपल्या पानाशेजारी मांडावे. आणि हात दुखले म्हणून तो घटकाभर थांबला, तर 'वाजव, वाजव' असा ओरडा करू नये. त्या घटकेत त्याच्याशी चार शब्द बोलावेत, आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.