चिकटा

ओसरीच्या खिडकीत लिंबाचं रोप आहे. एका सकाळी त्याच्या पानावर बोट टेकलं आणि चिकटलं. पानाला तूप चोळल्यासारखी चकाकी होती, कुंडीजवळची फरशीही पायाला चिकटत होती. घरातून लगेच निदान आलं, ‘चिकटा पडला.’

बीड जिल्ह्यातल्या आमच्या धर्मापुरीकडे हा शब्द रानातून घरात आलेला आहे. रब्बीत आभाळ धरून राहिलं की शाळूची पानं अशीच ओशट होतात. माव्याने काळ्या पडलेल्या करडईतून चालत आलं तर कपड्यांना चिकट डाग पडतात. धुकं पडतं, दंव पडतं, तसाच चिकटाही पडतो. त्या एका क्रियापदात सगळा दोष आभाळावर गेलेला असतो.

ही समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. झाडं आजारी पडतात ती थंडी, वारा आणि उन्हाने, असं तो सांगतो. लक्षणं देताना पानांचा फिकेपणा आणि फांद्यांचं वाळणं यांच्या जोडीला तो ‘रसस्रुती’ म्हणजे रस पाझरणंही नोंदवतो. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही बाग लावण्याचा विचार आहे. आमच्या गावचं केदारेश्वराचं मंदिर चालुक्यकाळातलंच. त्यामुळे हे ग्रंथ मला परके वाटत नाहीत. झाडाला रोग होतो आणि त्याची चिकित्सा करायची असते, हे इथे शतकानुशतकं मानलं गेलं आहे.

माझ्या लिंबावरचा रस झाडाचाच होता, पण तो पानातून पाझरलेला नव्हता. पान उलटं केलं तेव्हा मधल्या शिरेला लागून तिळाएवढे चपटे तपकिरी ठिपके दिसले. ते झाडाचाच भाग वाटावेत इतके बेमालूम बसले होते. नखाने एक उचकटला, तर तो अलगद सुटला आणि खाली पिवळसर ओल दिसली. ती खवले कीड होती.

मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि ही खवले कीड यांची भूक एकाच तऱ्हेची आहे. झाडाच्या अन्नवाहिनीत सोंड खुपसून त्या रस ओढतात. त्या रसात साखर उदंड असते, पण शरीर घडवणारी नत्रयुक्त द्रव्यं फार थोडी. तेवढी मिळवायला कीटकाला ढीगभर रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर थेंबाथेंबाने मागून टाकावी लागते. खालच्या पानांवर साचतो तो हा गोडवा. मुंग्या तो चाटायला येतात आणि त्याच्या मोबदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावतात. उरलेल्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाचं ऊन अडतं. म्हणून चिकट पान हे बहुधा आजारी पान नसतंच. आजार त्याच्या वर असतो, दुसऱ्या पानाच्या पाठीवर. मुंग्यांची रांग दिसली तर तिच्याच वाटेने नजर वर न्यावी.

मात्र प्रत्येक गोडवा रोगाचा नसतो. एरंडाच्या देठावर आणि कपाशीच्या पानामागच्या शिरेवर मधाच्या ग्रंथी असतात. तिथला थेंब झाड स्वतः देतं आणि तो त्याच जागी राहतो, पानभर शिंतडत नाही.

उपचाराच्या बाबतीत वराहमिहिर मला आजही पटतो. आधी शस्त्राने शोधन करा, मग लेप द्या, असं तो सांगतो. मी रोप इतर कुंड्यांपासून दूर नेलं, फार भरलेल्या दोन फांद्या छाटल्या, आणि उरलेले खवले स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक करून पुसले. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने धुतली. मग 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळली, अर्क 1 लिटर केला, त्यात साबणाचे थोडे थेंब घातले आणि ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारला. उन्हात या अर्काचा गुण लवकर जातो. एकदा फवारून भागत नाही, कारण कवचाखालची पिल्लं नंतर बाहेर पडतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा तरी हाच क्रम करावा लागतो. युरिया मात्र बंद ठेवला. नत्राने तरारलेली कोवळी पालवी या किडींना फार मानवते.

आभाळालाही अगदी निर्दोष म्हणता येत नाही. ढगाळ, गार हवेत मावा भराभर वाढतो, एवढं शेतकऱ्याचं निरीक्षण खरं आहे. पण हवा आपल्या हातात नाही, पान उलटून पाहणं हातात आहे.

चौथ्या आठवड्यात रोपाला तीन नवी पानं आली. ती कोरडी आहेत आणि कुंडीवर मुंगी नाही.