विमानवाला आणि बसवाला

मी बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. तत्त्वज्ञानाचं आणि माझं गोत्र जमत नाही. पण पगाराचा विषय निघाला की माझ्यासारख्या माणसालाही तत्त्वं सुचू लागतात.

संयुक्त राष्ट्रसंघाचं एखाद्या गरीब देशातलं कार्यालय डोळ्यांपुढे आणा. शेजारी शेजारी दोन टेबलं. दोघेही पदवीधर, दोघेही एकच अहवाल लिहिणारे. एक विमानाने आलेला, दुसरा रोज बसने येणारा. विमानवाल्याचा पगार १९२१ सालच्या नोब्लमेर तत्त्वाने ठरतो : जगात ज्या देशाची सरकारी नोकरी सर्वांत जास्त पगार देते, तिच्याशी तुलना करा. (ती अमेरिकेची धरतात.) बसवाल्याला १९४९ चं फ्लेमिंग तत्त्व : त्याच गावात जो चांगला पगार चालतो तो द्या. एका खोलीला एक तत्त्व पुरेना, म्हणून दोन!

याचं उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. माणूस घरदार सोडून येतो, पोरांच्या शाळा बदलतात, बायकोची नोकरी सुटते. नॉर्वेचा डॉक्टर मलावीच्या पगारावर कशाला येईल? कबूल. अहो, आमच्याकडे तालुक्याच्या गावी बदली झाली तरी माणूस आधी भत्ता विचारतो, मग बॅग भरतो.

पण आमचे मेहुणे केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. त्यांचा घरभाडे भत्ता नेमणुकीच्या शहरावर ठरतो. 'तुम्ही मूळचे साताऱ्याचे, तेव्हा मुंबईत राहून साताऱ्याचं भाडं घ्या' असं कुणी म्हणालं असतं, तर मेहुण्यांनी आयुष्यात प्रथमच मोर्चा काढला असता.

आता उलटा प्रवास बघा. रत्नागिरीचा गवंडी आखातात जातो. घर तोही सोडतो. पोराचा निकाल त्याला फोनवर कळतो. पण त्याची मजुरी ठरवताना मालक विचार करतो तो याला गावी काय मिळत होतं याचा. आपल्या सरकारनेही अशा कामगारांसाठी किमान वेतनाचे आकडे ठरवलेले असतात. आखातासाठीचे आकडे २०२० साली खाली आणले आणि २०२१ साली पूर्ववत केले. ऊन दोन्ही वर्षी तेच होतं, आणि विटेचं वजनही.

म्हणजे साहेब इकडे आला तरी त्याच्या देशाचा दर, आणि आपला माणूस तिकडे गेला तरी आपल्याच देशाचा दर. मग पगार घर सोडल्याचा नाही, पासपोर्टचा झाला. असल्या खतावणीवर आमच्या ऑडिटरने नुसती लाल पेन्सिल फिरवली नसती, मोडली असती.

त्या बसवाल्याची मला राहून राहून आठवण येते. विमानवाला दोन-चार वर्षांनी बदलून जातो, नवा येतो. त्या नव्याला फाइल कुठली, मंत्री कुठला, कुणाला आधी भेटायचं, हे सगळं शिकवतो कोण? हाच. त्या शिकवणीचा भत्ता दोन्ही तत्त्वांत बसत नाही.