पायाखालची बचत

पहाटे साडेपाचला ग्वाल्हेरच्या फुलबागेकडून महाराज बाड्यापर्यंत गाडी घेऊन जावं आणि तोच रस्ता सकाळी अकराला पुन्हा धरावा. गाडी तीच, पेट्रोल तेच, अंतर तेवढंच. पहाटे दूधवाले आणि फिरायला निघालेली माणसं सोडली तर रस्ता मोकळा असतो. गाडी वरच्या गियरमध्ये जाते आणि तिथेच राहते. अकराला ई-रिक्षा, टेम्पो, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन, मध्येच थांबलेली एखादी गाय. दोन्ही वेळा डॅशबोर्डवरचं हिरवं पान लागलेलं असलं, तरी दुसऱ्या फेरीला टाकी कितीतरी जास्त रिकामी होते. मग त्या पानाचा उपयोग काय, असा प्रश्न पडतो, आणि तो प्रामाणिकपणे सोडवायला हवा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून आपल्या लष्कर भागातल्या घराघरांत महिन्याच्या हिशेबात त्याची वेगळी ओळ पडते.

ते हिरवं पान लावणारं, ‘इको’ किंवा ‘ईकॉन’ लिहिलेलं बटण इंजिनाला नवी ताकद देत नाही आणि पेट्रोलमधून जास्त ऊर्जाही काढत नाही. ते प्रामुख्याने तीन गोष्टी करतं. ॲक्सिलरेटर थोडा बधिर करतं, म्हणजे पाय तितकाच दाबला तरी इंजिन सावकाश प्रतिसाद देतं. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गियर लवकर वर चढवतं, इंजिनाचे फेरे वाढू देत नाही. आणि बऱ्याच गाड्यांत एसीच्या कॉम्प्रेसरला अधूनमधून विश्रांती देतं. एवढंच. टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ अशी तीन नावं घेऊन आली; ही निवड मध्यमवर्गीय घरातल्या गाडीतही दिसू लागली होती. आता ती विजेच्या स्कूटरवरही असते.

मोटारीत या बटणाने गाडी किती वेगाने जाईल हे ठरत नाही. त्या वेगाला ती किती घाईने पोहोचेल, एवढंच ठरतं. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढचा हिशेब आपोआप उलगडतो.

एक टन वजनाची गाडी ताशी पन्नासच्या वेगाने चालली आहे. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे ९६ किलोज्यूल भरते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली जेमतेम चौथाई चाकांपर्यंत पोहोचवतं. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. या हिशेबाने गाडीला थांबलेल्या स्थितीतून पन्नासपर्यंत नेण्यासाठी दहा-बारा मिलिलिटर पेट्रोल जळतं. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. म्हणजे पन्नासवरून पूर्ण थांबणं हा प्रत्येक वेळी रुपया-सव्वा रुपयाचा व्यवहार आहे. शिंदे की छावणीकडून बाड्याकडे येताना असे किती ब्रेक लागतात ते ज्याने त्याने मोजून पाहावं. समोर लाल दिवा दिसतो आहे, तरीही वेग वाढवत जाऊन शेवटच्या दहा मीटरमध्ये करकचून थांबणारी गाडी आपल्या शहरात पावलोपावली दिसते. तिथे जळलेलं पेट्रोल कोणाच्याच कामी आलेलं नसतं. तो दिवा हिरवा होण्याआधी गाडी पोहोचून उपयोग तरी काय होता?

हिरव्या पानाचा खरा उपयोग इथे आहे. शहरात ते पायाला आवर घालतं. पुढच्या अडथळ्यापर्यंत झेप घेण्याचा मोह कमी होतो, त्यामुळे ब्रेकही कमी लागतात. म्हणून लष्करात, मुरारमध्ये, थाटीपूरमध्ये रोजची ये-जा करणाऱ्याने ते लावून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा पाय मुळातच हलका आहे त्याला फरक नाममात्र दिसेल. ज्याचा पाय जड आहे, किंवा घरात ज्याने नुकतीच गाडी शिकायला घेतली आहे, त्याला जास्त. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरला पंधरा देणारी गाडी धरली, तर वर्षाला ६६७ लिटर पेट्रोल लागतं. यातली पाच टक्के बचत झाली असं मानलं, तर तेहेतीस लिटर, म्हणजे साडेतीन हजार रुपये. लिटरमागे सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही पंचाहत्तर किलोने कमी होईल. आपण आपल्या तेलाचा फार मोठा भाग परदेशातून विकत आणतो. त्या हिशेबात एका गाडीचे तेहेतीस लिटर दिसणारही नाहीत, पण ग्वाल्हेरमधल्या गाड्या काही एक-दोन नाहीत.

मात्र एक गैरसमज इथे हमखास होतो. बचत म्हणजे रांगत जाणं, असं मानून काही जण दुसऱ्या गियरमध्ये इंजिन गुरगुरत ठेवून चौक ओलांडतात. पेट्रोल इंजिनाला फार हलका भार मानवत नाही. अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते. मध्यम भार आणि कमी फेरे, ही त्याची काटकसरीची जागा. म्हणून सुरुवात ठाम करावी, गियर वेळेवर वर न्यावेत आणि मग वेग धरून ठेवावा. ग्वाल्हेरला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथल्या घराण्याची गायकी ओळखली जाते ती मध्यविलंबित लयीने. ख्याल रेंगाळत नाही आणि धावतही सुटत नाही. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे संगीत विद्यालय काढलं, तेव्हापासून या शहरातल्या किती पिढ्यांच्या कानांत ती लय मुरली आहे. गाडी चालवतानाही बरोबर तेवढीच लय हवी.

किल्ल्याची गोष्ट वेगळी. उरवाई दरवाज्याकडून गाडी वर जाते तेव्हा डाव्या-उजव्या कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात. तोमरांच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं काम आहे ते. चढ सरळ उभा, रस्ता अरुंद. किल्ला शहरापासून सुमारे शंभर मीटर उंच आहे. माणसांसह बाराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता धरून, साधारण दीडशे मिलिलिटर पेट्रोल लागतं. बटण लावा किंवा न लावा, गुरुत्वाकर्षण आपला वाटा घेणारच. उलट बटण लावलेलं असेल तर पाय अधिक दाबावा लागतो, ऑटोमॅटिक गाडी वरच्या गियरला चिकटून धापा टाकते आणि मागून येणारी शाळेची बस हॉर्न देते. चढावर ते बंद करावं, निःशंकपणे.

उतरताना काय करायचं, हे चढण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, काही जण तर इंजिनच बंद करून, उतार उतरतात आणि पेट्रोल वाचवल्याच्या समाधानात असतात. कार्बुरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आता नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गियर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर जिवंत राहावं लागतं, म्हणून ते पेट्रोल पीत राहतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाक्याही जवळपास सगळ्या इंजेक्शनवर आल्या. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा पेट्रोल जास्त जाळतो, आणि वर इंजिनाचा आवर गमावून सगळा भार ब्रेकवर टाकतो. इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं बळही ओसरतं. उरवाईच्या वळणांवर, रविवारी पायी चढणाऱ्या कुटुंबांच्या गर्दीत, हा खेळ कोणीही खेळू नये. दुसरा गियर लावून शांतपणे उतरावं. बचत आणि सुरक्षितता इथे एकाच बाजूला उभ्या आहेत.

बटण नव्हतं तेव्हाही चालवणाऱ्याच्या हातात ही काटकसर होतीच. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी शिंद्यांच्या संस्थानाने बांधली. १९०९ मध्ये ती श्योपूरपर्यंत पोहोचली आणि २०२० च्या मार्चपर्यंत धावली. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, दहा तासांहून जास्त वेळ. डिझेल येण्याआधी ती वाफेवर होती. वाफेच्या इंजिनाचा जाणता चालक गाडी हलवताना सिलिंडरमध्ये भरपूर वाफ सोडतो, आणि गाडीने वेग घेतला की दांडा मधल्या खाचेकडे आणत जातो. मग प्रत्येक फेऱ्याला थोडीच वाफ आत जाते आणि ती प्रसरण पावत उरलेलं काम करते. कोळसा वाचतो, पाणी वाचतं, फायरमनच्या पाठीवरचा भार कमी होतो. स्टेशन जवळ आलं की वाफ तोडून गाडी तिच्याच ओघावर येऊ द्यायची. पुढचं स्टेशन कुठे आहे हे चालकाला ठाऊक असे, म्हणून हे जमे. शहरातल्या मोटारीच्या चालकालाही शंभर-दीडशे मीटर पुढचं पाहण्याची सवय लागली, तर त्याला बटणाची आठवणही येणार नाही.

महामार्गावर मात्र त्या पानाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. झाशीच्या रस्त्यावर वेग एकदा स्थिर झाला की पाय जवळपास हलतच नाही. आवर घालायला तिथे काही उरत नाही. तिथे खर्च ठरवतो तो वेगच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलं तर तो दीडपटीहून जास्त होतो. झाशी सुमारे शंभर किलोमीटर. एवढ्या अंतरात वीसचा वेग वाढवून वाचतात पंधरा मिनिटं, आणि ती बहुतेक वेळा दतियाच्या अलीकडच्या चहात जातात. इंधन बचतीसाठी काम करणारी पीसीआरए ही संस्था तर ताशी ४५ ते ५५ चा वेग सुचवते. महामार्गावर तो व्यवहार्य नाही, पण दिशा बरोबर आहे. ट्रक ओलांडायचा असेल तेव्हा ‘इको’ आधीच बंद केलेलं असावं. समोरून गाडी येत असताना ॲक्सिलरेटरने एक सेकंद विचार करत बसणं परवडत नाही.

सकाळीच करायचं आणखी एक काम आहे: टायरमधली हवा पाहणं. टायर थंड असताना घेतलेलं मापच खरं. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत आकडा दिलेला असतो. हवा कमी असलेला टायर रोज थोडं थोडं पेट्रोल खातो आणि कुठलंही बटण ते भरून काढत नाही. जानेवारीत धुकं पडतं, इंजिन गार पडलेलं असतं, तेव्हा अंगणात दहा मिनिटं गाडी नुसती सुरू ठेवण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. जागच्या जागी इंजिन हळूहळू तापतं, हलक्या पायाने चालवलं तर लवकर. गार इंजिन जास्त पितं, म्हणून भाजी आणायला एकदा, औषधाला एकदा अशा दोन फेऱ्यांपेक्षा एकच फेरी बरी. बाड्यावर तर चालतही जाता येतं.

बचत झाली की नाही हे डॅशबोर्डच्या आकड्यावरून ठरवू नये, आणि जाहिरातीतल्या आकड्यावरून तर मुळीच नाही. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या क्रमाने चालवली जाते. गाड्यांची आपसांत तुलना करायला ती उत्तम, पण तिथे दौलतगंजची गर्दी नसते. टाकी फुल्ल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, महिनाभर बटण लावून चालवावं, त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करून भागाकार करावा. पुढच्या महिन्यात बटण न लावता तेच. महिने मात्र एकाच ऋतूतले हवेत, कारण मे महिन्यातला एसी सगळा हिशेब बिघडवतो.

आणि त्या एसीबद्दल माझं मत ठाम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हात उभी असलेली गाडी आधी चारही दारं उघडून मिनिटभर मोकळी करावी. कोंडलेली झळ बाहेर गेली की कॉम्प्रेसरचं बरंच काम वाचतं. पण मागच्या सीटवर ऐंशीला टेकलेली आई असेल, किंवा कमलाराजा रुग्णालयातून बाळंतीण घरी आणायची असेल, तर हिरवं पान बंद करावं आणि एसी पूर्ण चालू द्यावा. त्या फेरीत पाव लिटर जास्त गेलं तर जाऊ द्यावं. ते पुढच्या आठवड्यात रिकाम्या गाडीत, एकट्याने ऑफिसला जाताना, ब्रेक कमी दाबून भरून काढता येईल.