उजेड कोणाच्या हातीं?

दिवा हा घराचा असतो, माणसाचा नसतो, अशी आपल्या समाजांत फार जुनी भावना आहे. समई देवघराची, पणती तुळशीवृंदावनाची, कंदील ओसरीचा आणि चिमणी चुलीजवळची. संध्याकाळीं दिवेलागण झाली म्हणजे घरांतील लहानमोठीं माणसें दिव्यास हात जोडीत आणि मग मुलें वडील माणसांच्या पायां पडत. पुढें घरोघरीं वीज आली तरी ही चाल सर्वस्वी मोडली नाहीं. भिंतीवरील बटन दाबून लाविलेल्या दिव्यासहि हात जोडणारीं माणसें आजहि भेटतात. परंतु विजेरी पेटवून तिला कोणीं नमस्कार केल्याचें आमच्या पाहण्यांत किंवा ऐकण्यांत नाहीं. वास्तविक विजेरी हाहि एक दिवाच. अंधार घालविण्याचें काम तीहि करिते, आणि अडचणीच्या वेळीं तर इतर सर्व दिव्यांहून अधिक तत्परतेनें करिते. मग तिच्या वांट्यास हा मान कां आला नाहीं? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या मुळाशीं जाऊं लागलें म्हणजे उजेडाच्या नीतीविषयीं कांहीं विचार सुचतात. ते वाचकांपुढें मांडावे असें आम्हांस वाटतें.

विजेरीचा इतिहास फार जुना नाहीं. जर्मनींतील कार्ल गास्नर यानें १८८६ सालीं कोरड्या विद्युत्-घटाचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून वीज सांडल्यावांचून खिशांत घालून नेण्याजोगी झाली. जस्ताचें भांडें, मध्यें कोळशाची कांडी, भोंवतीं मँगनीजची काळी पूड आणि नवसागराचा लगदा, एवढेंच त्या घटाचें साहित्य. जस्त हळूहळू खर्ची पडतें व त्यांतून वीज निघते. जस्त झिजलें, पूड निकामी झाली, कीं घट मेला. १८९९ च्या जानेवारींत अमेरिकेंत डेव्हिड मिझेल यास हातांत धरावयाच्या नळीसारख्या दिव्याचें पेटंट मिळालें. त्या काळचे घट इतके अशक्त आणि दिव्यांतील कोळशाची तार इतकी खादाड होती कीं, उजेड क्षणभर पाडून लगेच विझवावा लागे. इंग्रजींत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हें नांव पडलें तें त्यामुळेंच. पुढें टंगस्टनची तार आली, घट सुधारले आणि क्षणाचा उजेड तासांवर गेला. आपल्याकडे लोक या वस्तूस सरळ ‘बॅटरी’ म्हणूं लागले आणि आंतील घटास ‘सेल’. ‘विजेरी’ हा सुबक शब्द लिहिण्यांत अधिक राहिला, बोलण्यांत कमी.

या वस्तूचा विचार करावयास वर्धा जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. कारण दिवा कोणता लावावा, हा येथें एकदां खरोखरच धर्माचा प्रश्न होऊन बसला होता. एव्हरेडी कंपनी हिंदुस्थानांत नोंदली गेली तें साल १९३४. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या वर्ध्याच्या बागेंत, मगनवाडींत, त्याचें ठाणें पडलें. संघाचे चिटणीस जोसेफ कुमारप्पा यांचें म्हणणें असें कीं, खेड्यांतला माणूस राकेलाचा दिवा लावितो तेव्हां त्याच्या घरांतील उजेडाचा पैसा सातासमुद्रांपलीकडे जातो आणि त्याच्या गांवचा तेली मात्र उपाशीं राहतो. म्हणून मगनवाडींत राकेलाच्या कंदिलांत फेरफार करून गळिताच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ सिद्ध करण्यांत आला. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें तेथें मगन संग्रहालय उघडलें. मगनदीप कांहीं घरोघरीं गेला नाहीं. घरोघरीं गेली ती विजेरी.

असें कां झालें याचें उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. पावसाळ्याच्या रात्रीं वर्ध्याच्या काळ्या मातींतून, चिखल तुडवीत, वाऱ्यापावसांत ज्यास जावें लागतें त्यास विचारा. पाय सापावर पडेल कीं दोरीवर, हा वेदान्त्यांचा दृष्टांत तेथें दृष्टांत राहत नाहीं. सेवाग्रामच्या बापू कुटींत आजहि साप धरण्याचा लांब लांकडी चिमटा ठेविलेला आहे. आश्रमांत निघालेला साप न मारतां जिवंत धरून दूर नेऊन सोडीत. परंतु अहिंसेलाहि आधीं साप दिसावा लागतो. ज्यास कांहींच दिसत नाहीं, तो भीतीनें काठी घालीत सुटतो. वाऱ्यानें न विझणारा, ठेंचेनें न सांडणारा, पदरास न पेटविणारा उजेड ज्या वस्तूनें प्रथम दिला, तिनें मनुष्याचें भय कमी केलें. आणि भय कमी करणें हें पुण्यकर्मच होय. रात्रीं अपरात्रीं बोलावणें आलेल्या सुइणीस विजेरीनें जें धैर्य दिलें, त्याचा हिशेब कोणत्याहि अर्थशास्त्राच्या वहींत मांडलेला नाहीं. तेव्हां विजेरीची निंदा करण्यास आम्ही बसलों आहों, असें कोणीं समजूं नये.

परंतु गुण मान्य केल्यावर स्वभावहि पाहिला पाहिजे. कंदील हातांत घेऊन कोणी येत असेल तर आधीं त्याचें तोंड आपणांस दिसतें. तो जो उजेड घेऊन येतो, त्याच उजेडांत तो स्वतःहि उभा असतो. विजेरीचें तसें नाहीं. तिच्यामागें धरणारा अंधारांत असतो आणि समोरचा तेवढा उजेडांत. ‘कोण आहे?’ हा प्रश्न कंदील घेऊन येणाऱ्यास विचारला जातो. विजेरी घेऊन येणारा तो दुसऱ्यास विचारतो. आरंभींच्या विजेऱ्यांपैकीं कांहीं न्यूयॉर्क शहरच्या पोलिसांस देण्यांत आल्या होत्या, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं. आपण न दिसतां दुसऱ्यास पाहणें ही एक प्रकारची सत्ता आहे, आणि ती सत्ता या दिव्यानें प्रथमच खिशांत घालून नेण्याजोगी केली. सत्ता म्हणजे दोष नव्हे. पण सत्ता आली कीं तिच्या पाठोपाठ मर्यादेचा प्रश्न आलाच. म्हणूनच खेड्यांतली जाणतीं माणसें मुलांस बजावीत असत कीं, बॅटरी पायांपुढें धरावी, कोणाच्या तोंडावर मारूं नये. ‘मारणें’ हें क्रियापद आपण बॅटरीला लावितों. समईला कधीं लावीत नाहीं. भाषेनें येथें आपल्या आधींच निवाडा दिलेला आहे.

दुसरा भेद याहून सूक्ष्म व अधिक महत्त्वाचा. एका ज्योतीनें दुसरी ज्योत लाविली तर पहिलीचें कांहीं कमी होत नाहीं. शेजारीण वात लावून घेऊन गेली म्हणून कोणाची समई मंद झाली नाहीं. विजेरीचा उजेड असा उसना देतां येत नाहीं. ती दुसऱ्याच्या हातीं गेली कीं आपल्या हातीं अंधार. आणि परत आली ती थोडीशी झिजूनच येते. प्रत्येक क्षण सेलांतून वजा होत असतो. अशी वस्तु साहजिकच जपून ठेवली जाते, आणि जपून ठेवलेली वस्तु कोणाच्या तरी ताब्यांत राहते. आम्ही वाचकांस एकच प्रश्न विचारतों: आपल्या लहानपणीं घरांतली विजेरी रात्रीं कोणाच्या उशाशीं असे?

बहुतेक घरांतून उत्तर एकच येईल. ती आजोबांच्या किंवा वडिलांच्या उशाशीं असे. आतां त्या घरांत सर्वांच्या आधीं, झुंजुमुंजू होण्यापूर्वीं, कोण उठत असे? विहिरीवर, परसांत, गोठ्यांत अंधारांतून कोणास जावें लागे? सुनेस. तिच्या हातीं मात्र असे बाटलीच्या बुचांत वात घालून केलेली चिमणी, जिचा धूर डोळ्यांत जाई, वारा येतांच जी विझे आणि कलंडली तर पदर धरी. ज्यास अंधारांत सर्वांत अधिक वावरावें लागे त्यास सर्वांत वाईट दिवा, आणि जो बहुधा निजलेला असे त्यास सर्वांत चांगला, अशी ही वांटणी होती. यांत कोणी दुष्ट होतें असें नव्हे. ‘सेल उगीच संपतील’ हें कारण सर्वांस पटण्याजोगें होतें, आणि सुनेसहि तें पटलेलें असे. अन्याय जेव्हां काटकसरीचें रूप घेऊन घरांत येतो तेव्हां त्याला कोणी अन्याय म्हणत नाहीं.

येथें कुमारप्पांचा एक विचार आमच्या उपयोगीं पडतो. त्यांनीं अर्थव्यवहाराचे दोन प्रकार मानले होते: एक सांठ्यावर चालणारा आणि दुसरा प्रवाहावर चालणारा. कोळसा, खनिज तेल, धातु हे सांठे; वापरले तितके कमी होतात, आणि कमी होतात म्हणून त्यांच्यासाठीं राष्ट्रें भांडतात. पाऊस, ऊन, झाडें, पिकें हे प्रवाह. नीट सांभाळले तर ते पुनः पुनः येतात. १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथांत त्यांनीं सृष्टीचीच साक्ष काढून टिकाऊ व्यवहाराची बाजू मांडली. त्यांची दृष्टि राष्ट्रांवर होती. आम्हांस वाटतें कीं तोच न्याय माजघरालाहि लागू पडतो. सेल म्हणजे मुठींत मावणारा सांठा. जेथें सांठा आहे तेथें कोठी आली, कोठी आली कीं किल्ली आली, आणि किल्ली कोणाच्या कमरेला असावी हा तंटाहि आला. उशाशीं ठेवलेली विजेरी ही उजेडाच्या कोठीची किल्लीच होती.

कोणी म्हणेल कीं, ही सारी अडचण परकी वस्तु घेतल्यामुळें झाली. सेल स्वदेशी असते तर प्रश्न उरला नसता. या म्हणण्यांत तथ्य थोडें आहे. सेलांत लागणाऱ्या मँगनीजचा दगड तर आमच्या विदर्भांतच निघतो. भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाण त्यासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील खनिज कोरड्या घटांच्या कारखान्यांस जातें. विजेऱ्याहि पुढें येथेंच होऊं लागल्या. परंतु खनिज घरचें आणि कारखाना घरचा झाला म्हणून विजेरी सुनेच्या हातीं गेली नाहीं. पैसा देशांत राहिला तरी उजेड आजोबांच्या उशाशींच राहिला. स्वदेशीचा प्रश्न आणि समवांटणीचा प्रश्न हे शेजारीं आहेत, एक नाहींत.

आतां काळ पालटला आहे. चार पैशांच्या खर्चांत रात्रभर जळणारे एल. ई. डी. दिवे आले. उन्हावर भरणारे हातदिवे आले, मुंबईच्या आय. आय. टी.नें २०१४ सालीं खेड्यांतील दहा लक्ष मुलांस सौर अभ्यासदिवे पुरविण्याची योजना हातीं घेतली, आणि ते जोडण्याचें काम त्या त्या भागांतील माणसांसच शिकविलें. सांठ्याच्या जागीं प्रवाह आला. कुमारप्पांस हें पाहून समाधान वाटलें असतें, असें आम्हांस वाटतें. प्रत्येकाच्या खिशांतल्या मोबाइलमध्यें विजेरी आहे, तेव्हां उशाशींचा तंटाहि पुष्कळसा मिटला.

तरी पण प्रश्न संपला नाहीं. तो घरांतून निघून शिवारांत गेला. विदर्भांत शेतीच्या पंपांची वीज वर्षानुवर्षें रात्रपाळीनें दिली गेली. ज्या वेळीं शहरांतील माणूस निजतो त्या वेळीं शेतकऱ्यानें उठावें, एका हातांत बॅटरी, एका हातांत काठी घेऊन ओलांत उतरावें, आणि साप, रानडुक्कर यांच्याशीं गांठ घालीत हरभऱ्याला पाणी द्यावें, असा हा क्रम. २०१४ सालीं ज्यास व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित केलें त्या बोरच्या रानालगत तर वाघाचीहि भर. अशा माणसाला अधिक प्रखर बॅटरी घेऊन देणें ही दया खरी. पण तिनें आपलें समाधान होऊं लागलें कीं सावध झालें पाहिजे. त्याला बॅटरीची गरज कां पडली, हा मूळ प्रश्न आहे. त्याचा दिवस आपण घेतला आणि त्याला रात्र दिली, म्हणून पडली. पंपांस दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं महाराष्ट्रांत सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, ती या दृष्टीनें केवळ सोयीची गोष्ट नसून ऋणफेडीची आहे, असें आम्ही मानतों. बाटलीची चिमणी हातीं घेतलेली सून आणि रात्रपाळीचा शेतकरी यांची तक्रार एकच आहे: काम आमच्याकडे, उजेड दुसरीकडे.

आरंभींच्या शंकेचें उत्तर आतां देतां येईल. आपण नमस्कार करितों तो अंधार घालविणाऱ्या शक्तीला नव्हे. तसें असतें तर मोटारीच्या दिव्यांसहि आपण हात जोडले असते. नमस्कार होतो तो सर्वांस सारखें पाहणाऱ्या आणि ज्याच्याभोंवतीं सर्वांस बसतां येतें अशा उजेडाला. ही योग्यता तेलांत किंवा तुपांत नाहीं, तशीच ती जस्तांत किंवा सूर्यकिरणांतहि नाहीं. दिवा ठेवणाऱ्याच्या मनांत ती असते. विजेरीलाहि ती देतां येईल. घरांत किंवा गांवांत नवा दिवा आला म्हणजे आधीं एवढें विचारावें कीं, येथें अंधारांत कोणाचें काम आहे. आणि तो दिवा प्रथम त्याच्या हातीं द्यावा. ज्याच्या हातीं तो जाईल त्यानें तो पायांपुढें धरावा, दुसऱ्याच्या डोळ्यांवर नव्हे. एवढें साधलें तर हात जोडले जावोत वा न जावोत, दिव्याचा मान राहील.