लिहिणारे हात, तपासणारे डोळे

पुष्कळ डोळ्यांखालून गेलेल्या लिखाणात चूक लपून राहत नाही, अशी संगणकाच्या मुक्तस्रोत चळवळीची श्रद्धा आहे. आज्ञावली सर्वांना खुली ठेवावी, ज्याला वाटेल त्याने ती वाचावी, सुधारावी. श्रद्धा मोठी रम्य आहे. परंतु डोळे पुष्कळ असणे निराळे आणि त्यांनी पाहिलेले असणे निराळे.

‘ओपनएसएसएल’ ही संकेतस्थळांवरील व्यवहार गुप्त राखणारी आज्ञावली. २०११ च्या डिसेंबरअखेरीस तिच्यात एक भर पडली. ती तपासून घेतली होती. तरी आलेल्या मजकुराची लांबी पडताळायची राहून गेली आहे, हे ना लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले, ना तपासणाऱ्याच्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने जाहीर झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ती चूक चव्हाट्यावर पडून होती!

सरकारी कचेरीत उमर गेलेल्यास याचे नवल वाटू नये. टिपण लिहिणारा म्हणतो, वर साहेब पाहतीलच. साहेब म्हणतात, खालून तपासूनच आले असेल. कागदावर चार सह्या होतात, वाचन एकाचेही होत नाही.

प्रश्न नीतीचा आहे. नवे लिहिणाऱ्याचे नाव होते, तपासणाऱ्याला कोणी विचारीत नाही. मग ज्याला लिहिता येते त्याने आपला वेळ दुसऱ्याच्या ओळी वाचण्यात का घालवावा? आपल्याकडे याचे उत्तर एकनाथांच्या आचरणात सापडते. शके १४९५ मध्ये काशीस ‘एकनाथी भागवत’ पूर्ण करणारा हा सिद्धहस्त कवी. शके १५०६ मध्ये त्याने ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. भाद्रपद वद्य षष्ठीस आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती या शुद्धीकरणाच्या पूर्तीची तिथी होय. भागवत लिहिलेल्या माणसालाच परकी ओवी कानाने ओळखता आली असेल, असे मला वाटते. लेखणी अजिबात सोडून बसलेला परीक्षक पुढे पुढे केवळ नियम दाखवू लागतो.

तथापि सगळा भार एकावर टाकणेही अन्यायाचे. ‘एक्सझेड’ या छोट्या आज्ञावलीची देखभाल लासे कॉलिन हे बिनपगारी छंद म्हणून वर्षानुवर्षे करीत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा लावला, की सुधारणा तुंबल्या आहेत, दुसऱ्यास अधिकार द्या. ‘जिया टॅन’ नावाचा कोणी तत्पर मदतनीस तोवर येऊन बसलाच होता. त्याला अधिकार मिळाले, आणि त्याने त्यात चोरदरवाजा बसविला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो असे दिसले. त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा त्यांनी केला, म्हणून अनर्थ टळला. कॉलिन यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. आयुष्यभर फुकट वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी त्या ओळी कधी वाचल्या होत्या काय?

फ्रॉइंड ज्या ‘पोस्टग्रेस’ समुदायातले आहेत, तेथे एक रिवाज आहे: ज्याने आपली सुधारणा पाठवावी, त्याने दुसऱ्याची एक तरी तपासावी. मला तो न्याय्य वाटतो. सक्तीने केलेली तपासणी पुन्हा सहीपुरतीच उरेल, हा आक्षेप खरा आहे. आमच्या कचेरीत तेच होई. परंतु तिथे तपासणाऱ्याचे स्वतःचे काही अडलेले नसे. इथे त्याची स्वतःची सुधारणाही दुसऱ्या कोणाच्या हाती वाचायला पडलेली असते.