खुरपे कोणाच्या हाती?

दिवाळी अंकात आहाराविषयी लिहिणे हा थोडा अरसिकपणाच आहे, हे मला मान्य आहे. वाचकाच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असताना मी अंबाडीच्या भाजीचे गुण गाऊ लागलो, तर तो निमूटपणे पान उलटील, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण मला भाजीचे गुण सांगायचेच नाहीत. भाजीच्या निमित्ताने जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो आपल्यापुढे ठेवायचा आहे. फराळाबरोबर पचावा इतका तो हलका नाही. परंतु सणासाठी घरची चार माणसे एकत्र जमली असता त्यांनी मिळून विचार करावा, असा तो खचित आहे.

किल्लारीच्या परिसरातील एका शाळेत मी काही कामानिमित्त गेलो होतो. शाळेच्या मागे मुलांनी परसबाग केली होती. मेथी, पालक आणि चुका यांचे लहान लहान वाफे, कुंपणावर चढलेला दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा. हात धुण्याच्या नळाचे पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवलेले. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलखात हाही एक धडाच म्हणायचा! मी कौतुकाने पाहत असता एक पालक तेथे आले. दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारे गृहस्थ. आवाज न चढवता ते शिक्षकांना म्हणाले, “गुरुजी, खुरपायलाच लावायचं होतं, तर लेकराला शाळेत कशाला घातलं असतं?”

बाग लहान होती, प्रश्न मोठा होता. त्याला सहजासहजी उत्तर देता येईना.

प्रथम बागेचा हिशेब मांडून पाहू. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला दुपारच्या जेवणात रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावी, असे प्रमाण ठरलेले आहे. शाळेत १०० मुले धरली तर दिवसाला ५ किलो भाजी झाली. वर्षाचे २०० दिवस धरले तर १० क्विंटल. चार वाफ्यांची बाग एवढी भाजी कोठून देणार? तेव्हा बागेने मुलांची पोटे भरतात, असा दावा कोणी करू नये. ती भरण्याची जबाबदारी सरकारची आणि समाजाची आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही भोजनाची योजना देशात सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याकाठी ३ किलो तांदूळ मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. हे अन्न मुलाचा हक्क आहे. त्यात कोणाचा उपकार नाही. आणि हक्काच्या घासासाठी मुलाने आधी वाफा खुरपला पाहिजे अशी अट जर कोणी घातली, तर ती बाग त्याच दिवशी उपटून टाकावी, या मताचा मी आहे.

मग बाग हवी कशाला? केंद्र सरकारने २०१९ साली शाळाशाळांतून पोषणबागा करण्याविषयी सूचना काढल्या, एवढे कारण मला पुरेसे वाटत नाही. खरे कारण शोधण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नवाहो नावाचे आदिवासी लोक राहतात. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची जुनी पिके. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो माणसांना पायी चालवत दूरच्या छावणीत नेऊन कोंडले. तेथे शिधा म्हणून पांढरे पीठ मिळू लागले. ते चरबीत तळून केलेली पोळी त्या दिवसांत जन्माला आली, असे सांगतात. १८६८ च्या तहानंतर ते लोक मायभूमीला परतले. ती तळलेली पोळीही त्यांच्याबरोबर आली आणि घरचीच होऊन बसली. पुढे मधुमेहाने घरोघरी ठाण मांडले, तेव्हा २०१४ साली त्यांनी स्वतःच कायदा करून निकस खाद्यपदार्थांवर २ टक्के जादा कर बसवला आणि ताज्या भाजीफळांवरील कर उठवला. त्यांच्या शाळांतूनही आता बागा केल्या जातात. संकटात मिळालेला शिधा अंगवळणी पडला की तोच परंपरेचे रूप घेतो, आणि तो बदलायला पिढ्या लागतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

किल्लारीची कथा वेगळी. तेथे माणसाने माणसावर हत्यार उचलले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूमीच हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि हजारो जीव गेले. देशभरातून मदत आली, ती आली म्हणूनच वाचलेली माणसे तगली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते आखता येतात, घरे बांधून देता येतात. पण बांधावरची पाथरी कोणती आणि घोळीची भाजी कशी निवडावी, हे आजीचे ज्ञान कोणत्या यादीत घालून देणार? अर्थात सारा दोष भूकंपाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या गावांना धक्काही बसला नाही, तेथेही ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आले. सोयाबीन हे विकण्याचे पीक. शिवारभर डोलते, पण ताटात फारसे येत नाही. पैसा आला, हे चांगलेच झाले. पण शेतात तणनाशक आले तेव्हा तणाबरोबर तांदुळजाही गेला, आणि लेकरांच्या हाती दुकानातली पाच रुपयांची पुडी आली.

आता पुन्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. गरिबाच्या मुलाला पुन्हा गरिबाच्याच धंद्याला जुंपण्याचा हा प्रकार तर नव्हे, ही शंका त्या विचाराची पाठ कधी सोडू शकली नाही. शंका खोटी नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्याने देणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा सावलीत बसलेली असतात. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या खुरपेच पाहिले, त्याला पाटी-पेन्सिल हीच मुक्ती वाटली, तर नवल ते काय?

मला वाटते, प्रतिष्ठा किंवा अपमान खुरप्याच्या पात्यात नसतो. ते कोणाच्या हाती आहे, कोणाच्या हुकमाने चालते, आणि पिकलेले कोण खातो, यावर सारे अवलंबून असते. त्या गृहस्थांच्या रोजच्या कामात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कडू आहेत. शाळेत ती गोड असू शकतात. परंतु आपोआप नाही. तेच खुरपे सरपंचाच्या मुलाच्याही हाती आले पाहिजे. पाणी घालणे मुलग्यांकडे आणि भाजी निवडणे मुलींकडे, अशी जुनी वाटणी तेथे शिरता कामा नये. वाफ्यात काय पेरायचे ते मुलांनी ठरवावे, आणि जे उगवेल ते खिचडीत पडून सर्वांनी एकाच पंगतीत खावे. यातले एक जरी चुकले, तरी त्या बापाचा प्रश्न खरा ठरतो आणि बाग खोटी. परसबागेची तपासणी करायची असेल तर भाजीचे वजन कशाला करायचे? हा प्रश्न विचारला की पुरे.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या म्हणून एक सण असतो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. नाना भाज्यांची आणि शेंगांची भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण होते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवून घेतात. आहारशास्त्राने आखून द्यावे असे हे जेवण कोणी उपदेश न करता पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एवढ्या मोठ्या मनाच्या सणातही यजमान असतो तो मात्र शेताचा धनी. ज्याला शेत नाही, त्याने आयुष्यभर पाहुणाच व्हायचे. रोज ताट पुढे करणाऱ्या भूमिहीनाच्या लेकराला, “बसा, ही भाजी आमची आहे, थोडी आणखी घ्या,” असे म्हणता येईल, अशी जमीन गावात कोठे असेल, तर ती शाळेच्या मागचे ते चार वाफेच.