बरोबरीच्या माणसाला दिलेली साक्ष

कॉलेजात शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींनी आपल्या विश्वासाविषयी वर्गमित्रांशी बोलावे का? घरची मोठी माणसे बहुधा सांगतात की अभ्यास करा, देवळात जा, पण बाहेर विषय काढू नका. सध्याचे वातावरण पाहता हा सल्ला काळजीपोटीच येतो. तरीही माझे मत बोलावे असेच आहे. विद्यार्थ्याच्या हाती समोरच्याचे काहीच नसते. गुण, नोकरी, फीची सवलत यांतले काही तो देऊ शकत नाही, हिरावूनही घेऊ शकत नाही. विश्वासाविषयीच्या अशा बोलण्यावर, म्हणजे साक्षीवर, आजवर आलेले बहुतेक आक्षेप पाहिले, तर त्यांच्या मुळाशी बोलण्यापेक्षा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली उंच-सखल जागा अधिक दिसते.

महाराष्ट्रातली उदाहरणेच हे दाखवतात. 1839 मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. धनजीभाईंना स्वतःचा निर्णय घेण्याची मुभा मिळाली, पण पालकांनी मुले भराभर शाळेतून काढली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपतही मिशनच्या आश्रयाला गेला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. त्या मिशनऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण शिकवणारा साहेब, राज्य साहेबाचे, आणि समोर कोवळ्या वयाचा विद्यार्थी, अशा ठिकाणी आईबापांना धास्ती वाटली तर त्यांना दोष कसा द्यावा? नारायण वामन टिळकांची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो प्रवासी ना त्यांचा शिक्षक होता, ना अन्नदाता. पुढे टिळकांनी स्वतः वाचले, ते स्वतःशी झगडले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयापायी त्यांना आप्तेष्ट दुरावले. लोभाने झालेले धर्मांतर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे अवघड आहे.

कोणी म्हणेल, धर्म ज्याच्या त्याच्या घरात असावा. पण कॉलेजात मुले मार्क्सवर बोलतात, आंबेडकरांवर बोलतात, आपल्या नास्तिकपणाविषयीही बोलतात. माणसाच्या जगण्याचा कणा असलेली गोष्ट तेवढी झाकून ठेवायची, तर मैत्री अर्धीच राहील. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. 1948 मध्ये घटना समितीत त्यावर चर्चा झाली, तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला धर्मांतरित करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असे सांगून त्या तरतुदीची बाजू घेतली. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केले की या हक्कात आपली तत्त्वे इतरांपर्यंत पोहोचवणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अनेक ख्रिस्ती बांधवांना हा निकाल बोचतो. मला वाटते, निदान विद्यार्थ्याला त्यात गमावण्यासारखे काही नाही. अंतःकरण पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, असेच आपण मानतो ना?

यापेक्षा गंभीर आक्षेप मैत्रीविषयीचा आहे. वसतिगृहात नवी आलेली, घराची आठवण काढून रडणारी मुलगी हेरायची, तिला माया लावायची आणि मग प्रार्थनेला न्यायचे, असे घडू शकते. तिथे बरोबरी मोडते, कारण एकीची गरज हे दुसरीचे साधन होते. यावर उपाय पेत्राच्या पहिल्या पत्रातच आहे. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने, असा त्या उपदेशाचा आशय आहे. म्हणजे आधी विचारणारा हवा. रडणाऱ्या मुलीला जेवायला न्यावे, तिच्याबरोबर बसावे. येशूविषयी तिने विचारले तर सांगावे, आणि ती नको म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी मेसमध्ये जागा धरावी. शिवाय तिची वारी, तिचा रोजा, तिचा बुद्धवंदनेचा पाठ हेही तितक्याच मन लावून ऐकावे. जो ऐकत नाही त्याच्या साक्षीला वजन कुठून येणार?

उरतो प्रश्न घरच्यांचा. अठरा वर्षांचा मित्र कायद्याने सज्ञान असला तरी त्याची फी वडील भरतात आणि त्याच्या निर्णयाची झळ बहिणीच्या लग्नापर्यंत पोहोचू शकते. त्याने बाप्तिस्म्याची घाई केली, तर त्याला थांबायला सांगणे, आईवडिलांपासून काही लपवू नकोस म्हणणे, हेही साक्ष देणाऱ्याचेच काम आहे. वेळ गेल्याने विश्वास विरतो, ही भीती अनाठायी आहे. टिळकांनंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत यायला आणखी पाच वर्षे लागली, आणि त्या आल्या त्या सोवळे-ओवळे, जात, देव यांचा आपल्या मनाशी उलगडा करून. नवऱ्याने ठरवले म्हणून त्या आल्या असत्या, तर ‘स्मृतिचित्रे’ त्यांना इतक्या निर्भयपणे लिहिता आली नसती.